पॉलिसी गहाण, कॅमेरा सुरू

ज्याची गोष्ट एका वाक्यात सांगता येत नाही असे सिनेमे बघायची खोड एकदा लागली की माणसाचं समाजातलं स्थान हळूहळू बदलत जातं. लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवरचे दूरचे काका विचारतात, "काय, हल्ली नवीन काय बघितलंत?" आपण उत्साहाने सुरू करतो. एक धनगराचं कुटुंब असतं. काका म्हणतात, "बरं." मेंढरं घेऊन वर्षानुवर्षं फिरत असतं, पण म्हाताऱ्याच्या मनात आता एका जागी स्थिर व्हायचंय. "मग होतो का स्थिर?" तोच तर सिनेमा आहे, असं आपण म्हणतो. काका जिलबीकडे वळतात. पुढच्या कार्यात हेच काका आपल्या शेजारची खुर्ची रिकामी असूनही चार खुर्च्या सोडून बसलेले दिसतात.

घरातही फार वेगळं नसतं. आमच्याकडे सिनेमांचे दोनच प्रकार मानले जातात: सगळ्यांनी मिळून बघायचे आणि 'ह्यांचे'. 'ह्यांचा' सिनेमा लागला की घरातली कामं भराभर उरकली जातात, कारण त्या खोलीत थांबायला कुणी तयार नसतं. पडद्यावर खिडकी दिसते. खिडकीचा पडदा हलतो. बराच वेळ हलतो. स्वयंपाकघरातून विचारणा होते, "अहो, नेट गेलंय का?" नेट गेलेलं नसतं. सिनेमा व्यवस्थित चालू असतो.

तरीही मी बघतो, आणि त्यामागे मोठी रसिकता वगैरे नाही. मला या सिनेमांत हट्ट बघायचा असतो. मोठ्या सिनेमात पडद्यावर जे जे दिसतं त्याला आधी दहा जणांनी मान डोलावलेली असते. पैसे घालणाऱ्याने, वितरकाने, हीरोच्या मॅनेजरने, गाण्यांचे हक्क घेणाऱ्याने. हशा कुठे, रुमाल कुठे, सगळं ठरलेलं. चांगलं जमलं तर मीही मनापासून टाळ्या वाजवतो. पण मधूनच एखादा सिनेमा असा येतो की त्यात कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं: हा शॉट एवढा लांब राहणार, या माणसाला मी शेवटी शहाणा करणार नाही, आणि तुम्हाला रडायचं असेल तर तुमचं तुम्ही रडा, मी व्हायोलिन वाजवणार नाही. 'असं करू नकोस' म्हणणारं त्याच्या आसपास कुणीच नव्हतं किंवा होतं पण त्याने ऐकलं नाही. तो न ऐकलेला सल्ला पडद्यावर दिसतो. तो बघायला मला फार आवडतं.

आपल्याकडे या हट्टाची वंशावळ विम्याच्या पॉलिसीपासून सुरू होते. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात घेतलं की पडद्यावर आपले राम-कृष्णही चालते-बोलते झाले पाहिजेत. (बोलायला पुढे बराच वेळ लागला, पण चालायला लागले.) त्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि 1912 मध्ये लंडन गाठलं. कॅमेरा घेऊन परत आले. आता भांडवल घालणाऱ्याला पटवायचं कसं? तर कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रोज थोडाथोडा वाढताना टिपला. पडद्यावर बघता बघता बियाचं रोप झालं. माझ्या हिशेबाने भारतीय सिनेमाचा पहिला नायक हा वाटाणाच. दिग्दर्शकाने सांगितलं तिथे उभा राहिला, संवादात बदल सुचवला नाही आणि मानधनही मागितलं नाही.

पुढचे पैसे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभे राहिले. या बाई फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. आजच्या श्रेयनामावलीत एवढ्या कामांसाठी नावं वर सरकत राहतात आणि आपण पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत संपत नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवलं. हौदाच्या प्रसंगात ओलेत्या साडीत दिसणाऱ्या सगळ्या स्त्रिया पुरुष आहेत. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. अख्खा वनवास एका पगारात उरकला. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, आणि तोवर सिनेमात काम करणं इतकं कमी प्रतीचं समजलं जाई की मंडळींनी घरी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायचं ठरलं होतं. परेश मोकाशींनी 2009 मध्ये याच नावाचा आपला पहिला चित्रपट काढला, तेव्हा त्यात फाळक्यांना हुतात्मा न करता उत्साहाने झपाटलेला, घरातलं एकेक सामान विकणारा खट्याळ गृहस्थ केलं. मला ते फार पटलं. हट्टी माणसं बहुतेक वेळा मजेत असतात. त्रास आजूबाजूच्यांना होतो.

चाळीसेक वर्षांनी कोलकात्यात सत्यजित राय नावाच्या जाहिरात कंपनीतल्या चित्रकाराने हेच केलं. विम्याची पॉलिसी गहाण, रेकॉर्ड्सचा संग्रह विकला, बायकोचे दागिने गहाण. 'पथेर पांचाली' तरीही मध्येच अडकला. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, आणि नावात 'पथ' असल्यामुळे तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यात बसवला गेला. रस्त्यावर खर्ची पडलेल्या सरकारी पैशातून सत्तर वर्षं टिकलेलं दुसरं काम निदान माझ्या पाहण्यात नाही. आमच्या गल्लीतला रस्ता तर दर पावसाळ्याला नवा सिनेमा काढतो.

यानंतर मंडळी दागिन्यांवरून जमिनीवर आली. वर ज्याची गोष्ट काकांना सांगताना माझी त्रेधा उडाली तो 'ख्वाडा', भाऊराव कऱ्हाडेंनी स्वतःची शेतजमीन विकून केलेला. शेतकऱ्याच्या पोराने जमीन विकणं म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यापुढे पॉलिसी गहाण टाकणं म्हणजे सहलीला जाणं आहे. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'साठी (1976) गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. आणि मग हे निर्माते ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. केरळात जॉन अब्राहम नावाच्या अवलियाने मित्रांबरोबर 'ओडेसा' नावाचा गट काढला. ही मंडळी गावोगाव जायची, चॅप्लिनचा 'द किड' दाखवायची आणि लोकांपुढे झोळी पसरायची. त्या वर्गणीतून 1986 चा 'अम्मा अरियान' झाला. आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सवाची पावती फाडून न घेणाऱ्याला मंडळवाले सोडत नाहीत. तीच चिकाटी सिनेमासाठी वापरली असती तर एका महाराष्ट्रात किती 'अम्मा अरियान' झाले असते याचा हिशेब मी कधीकधी आरतीच्या वेळी मनातल्या मनात करतो.

हट्टाला देश नसतो. अमेरिकेत डेव्हिड लिंच 'इरेझरहेड' करत होता तो जवळजवळ पाच वर्षं. पैसे संपले की शूटिंग थांबायचं. मग लिंचसाहेब रात्री घरोघरी 'वॉल स्ट्रीट जर्नल' टाकायचे. शेअरबाजाराची बातमी लोकांच्या दारात टाकून मिळालेले पैसे एका अशा सिनेमात ओतायचे की जो बघून एकाही शेअरबाजारवाल्याने त्यात पै घातली नसती. त्यातला नायक जॅक नॅन्स याने एवढी वर्षं ते उभ्या केसांचं विचित्र डोकं जपलं. त्याचं एक दृश्य मला तोंडपाठ आहे. हेन्री नावाचा हा माणूस बोळातून येतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो, आत शिरतो. पडद्यावर क्षणभराचं काम. प्रत्यक्षात मुठीवर हात ठेवणं आणि आत येणं यांच्यात दीड वर्ष गेलं होतं. हे मी मोठ्या कौतुकाने घरी सांगितलं. उत्तर आलं, "आपल्या बाथरूमच्या दाराची मूठ बसवायलाही तुम्ही तेवढाच वेळ घेताय. तुमच्यावर कोण सिनेमा काढतंय?"

पण नुसता पैशाचा हट्ट हा सिनेमा नव्हे. कुणीही कर्ज काढू शकतो. मला खरी गंमत वाटते ती हा हट्ट पडद्यावर उतरतो तेव्हा. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या. विवेक गोम्बरने त्यात वकिलाचं काम केलं आणि निर्माताही तोच झाला. 2014 मध्ये व्हेनिसला बक्षिसं मिळाली, मग राष्ट्रीय पुरस्कार. कथा सांगायची तर एका लोकशाहीर म्हाताऱ्यावर खटला भरलाय, कारण म्हणे त्याचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. खटल्याची कोर्टातली दृश्यं बघताना आपण सिनेमातल्या कोर्टाची सवय झालेले लोक वाट बघत राहतो, की आता कुणीतरी टेबलावर मूठ आपटेल. कुणी आपटत नाही. सरकारी वकीलबाई कंटाळवाण्या सुरात कलमं वाचत राहतात. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका अशिलाची सुनावणी पुढे ढकलली जाते. नंतर वकीलबाई घरी जातात, स्वयंपाक करतात, नवरा-मुलांबरोबर नाटकाला जातात. गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या या बाई इतक्या आपल्यातल्या आहेत की त्यांचा राग धरायला जागाच उरत नाही. आणि त्याचीच भीती वाटते.

शेवटी कोर्टाला सुटी लागते. शिपाई दिवे मालवतो, दालन अंधारतं, पडदा काळा होतो. थिएटरात लोक उठायला लागतात. कुणी पायाने चपला चाचपतं, कुणी मोबाइलचा टॉर्च लावतं. आणि मग पडद्यावर उजेड पडतो. न्यायाधीशमहाराज कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टला चाललेत. तिथे ते एका नातेवाइकाला त्याच्या मुलासाठी खड्याची अंगठी सुचवतात आणि बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढतात. पोरं येऊन ओरडून त्यांना दचकवतात. साहेब एकाच्या मुस्काटात ठेवून देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपलं. जो सल्ला इथे ऐकला गेला नाही तो मला स्पष्ट ऐकू येतो: "अरे, कोर्ट अंधारतं तिथेच संपव, टाळ्या पडतील." टाळ्या पडल्या असत्याच. पण त्या एका थपडेत निकालपत्राची किती पानं आहेत ते ज्याचं त्याने घरी जाऊन मोजायचं.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' बघताना असंच झालं. कैकाडी कुटुंब गावाच्या मागणीवरून डुक्कर धरतंय. शाळेतली पोरं कठड्यावर बसून हसतायत आणि त्यात या कुटुंबातल्या जब्याला आवडणारी मुलगीही आहे. फार धावपळीनंतर डुक्कर टप्प्यात येतं, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो. त्याच्या मागोमाग घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निवांत निघून जातं, त्याला नागरिकशास्त्र नाही. थिएटरात हसू फुटलं आणि लगेच गिळलं गेलं. असा विनोद लिहायला कुणी सांगत नाही, उलट 'वाद होतील' म्हणून काढायलाच सांगतात. ही माणसं बक्षिसासाठी अशी दृश्यं रचतात असं काही जण म्हणतात. बक्षिसासाठी डुकराला पन्नास माणसांत ठरल्या वेळी ठरल्या दिशेने चालवून बघा म्हणावं.

या सिनेमांचा प्रेक्षकही तितकाच हट्टी असतो. पुण्याचा किंवा मुंबईचा चित्रपट महोत्सव असो नाहीतर नोव्हेंबरातली पणजी, रांगेत उभे राहणारे चेहरे दर वर्षी तेच. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला महोत्सवाची झोळी (शक्यतो पाच वर्षांपूर्वीची, म्हणजे ज्येष्ठता दिसते) आणि हातात वेळापत्रक, त्यावर तीन रंगांच्या खुणा. पोलंडचा सिनेमा नऊला, मग इराणी, मध्ये डबा खाऊन कोरियन. सकाळच्या शोला निवृत्त मंडळी सगळ्यांच्या आधी हजर. आत शिरल्या शिरल्या चार खुर्च्यांवर चार रुमाल पडतात. एस.टी.त जागा धरायची जी विद्या महाराष्ट्राने घडवली ती जागतिक सिनेमाच्या सेवेत अशी रुजू झाली आहे. मध्ये सिनेमा आवडला नाही तर उठायची घाई कुणी करत नाही, कारण पुढचा सिनेमा त्याच पडद्यावर असतो आणि बाहेर रांग असते. मंगोलियाचं गवताळ रान तासभर बघताना मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच घोरतं. पुढे दोघं तज्ज्ञ 'लॉन्ग टेक'वर कुजबुजतात. तिघेही आपापल्या परीने त्या रानाशी एकरूप झालेले असतात.

शो संपला की दिग्दर्शकाशी गप्पा. एक हात वर येतो. "त्या तिसऱ्या दृश्यात कबुतर येतं, त्याचा अर्थ काय?" दिग्दर्शक म्हणतो, "तुम्हाला काय वाटलं?" प्रश्न विचारणारा गडबडतो. एवढे पैसे भरून ओळखपत्र काढलं ते उत्तर घ्यायला, गृहपाठ घ्यायला नव्हे. मग दुसरे एक सद्गृहस्थ उभे राहतात. त्यांना प्रश्न नसतो, त्यांना बोलायचं असतं. ते तारकोव्हस्कीपासून सुरुवात करतात आणि माइक काढून घेईपर्यंत थांबत नाहीत. एकदा कबुतराच्या प्रश्नावर एका तरुण दिग्दर्शकाने सांगून टाकलं, "ते आलं हो आपलं आपण. आम्ही शूट करत होतो, येऊन बसलं. चांगलं दिसत होतं, ठेवलं." सभागृहात नाराजी पसरली. लोकांनी तोवर त्या कबुतरावर बराच विचार केला होता.

आता या मुलखात खोटा हट्टही भरपूर चालतो, हे मान्य केलं पाहिजे. एक माणूस पाठमोरा चालतो, चालतच राहतो. का चालतो याचा पत्ता त्यालाही नसतो. भिंतीवर पाल दिसते. पाल दिसली म्हणजे एकाकीपण. नळाचा थेंब पडतो, तो तर विरहच. दिग्दर्शकाने बाहेरचे चार चांगले सिनेमे पाहिलेले असतात आणि त्यांच्या सवयी उचललेल्या असतात. ताक पिऊन नशा चढल्याचं सोंग करणाऱ्यासारखं ते चटकन ओळखू येतं. असल्या सिनेमात दुसऱ्याचा सल्ला न ऐकल्याची खूण कुठेच नसते. सगळे सल्ले ऐकलेलेच असतात, फक्त ते युरोपातून आलेले असतात. असा सिनेमा पदरी पडला की मी घरी येऊन आधी दूरदर्शनवरचा एखादा जुना विनोदी चित्रपट लावतो. घरच्यांना वाटतं, सुधारला वाटतं.

खरा वेडेपणा कसा असतो ते बघायचं तर कमल स्वरूपांचा 'ओम दर-ब-दर' बघावा. 1988 चा सिनेमा, राजस्थानातल्या अजमेर-पुष्करकडचा, आणि रीतसर चित्रपटगृहात लागला 2014 मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं तो कॅसेटवरून कॅसेटवर, हस्ते परहस्ते फिरत होता, आणि प्रत्येक प्रतीत आणखी धूसर होत होता. बेडकांच्या पोटात हिरे निघतात. वडील ज्योतिष सांगतात. शास्त्र, जाहिरात, पुराण आणि सायकल सगळं एकत्र कालवलेलं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, आणि उरलेलं निम्मं कळल्यासारखं वाटलं ते बहुधा चुकीचं आहे. पण त्यातली एकही चौकट दुसऱ्या कुणाला सुचली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हेच स्वरूप पुढे वर्षानुवर्षं फाळक्यांच्या मागावर फिरले आणि सिनेमावर रुसून काशीला जाऊन नाटक लिहीत बसलेल्या फाळक्यांवर त्यांनी 'रंगभूमी' हा माहितीपट केला. एका हट्टी माणसाचा पत्ता दुसऱ्या हट्टी माणसालाच सापडतो.

सगळेच हट्ट असे आतषबाजी करत येत नाहीत. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या वाटेने सिनेमात आल्या. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करता करता त्यांना वाटलं, हे अहवालात लिहून ज्या बायकांबद्दल लिहिलंय त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि 1985 मध्ये त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. मग सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' असे एकेक चित्रपट. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया, नैराश्य. या विषयांची नावं ऐकून कुणाही वितरकाने आधी चहा मागवला असता आणि मग फोन आल्याचं निमित्त करून उठून गेला असता. 'कासव'ला 2016 च्या वर्षाचं सुवर्णकमळ मिळालं. चढा सूर या बाईंनी कधीच लावला नाही. ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'मध्ये एका गायिकेच्या व्याख्यानांचा आवाज रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जाणाऱ्या शिष्याच्या कानात घुमत राहतो: कडक, निःसंग, तडजोडीला जागा न ठेवणारा. तो आवाज सुमित्राबाईंचा आहे. याहून चपखल निवड मला सुचत नाही.

'द डिसायपल' आला तो थेट मोबाइलवर आणि टीव्हीवर. तिथे या सिनेमांची खरी परीक्षा असते. थिएटरात दिग्दर्शकाच्या हट्टापुढे आपला हट्ट चालत नाही. दार लांब, अंधार, शेजारचे गुडघे. मुकाट्याने बसावं लागतं आणि बसता बसता ते रात्रीचे रस्ते आवडायला लागतात. घरी हातात रिमोट. मोटारसायकल चाललीये, चाललीये, मग बोट आपोआप दहा सेकंद पुढे जाण्याच्या बटणावर जातं. आमच्या ओळखीच्या एका गाणं शिकणाऱ्या गृहस्थांनी हा सिनेमा दीडपट वेगाने पाहिला. विलंबित ख्याल ऐकताना ते असं करत नसावेत, अशी आशा आहे.

थिएटरात बघायचं तर तिकडे वेगळं पर्व. शुक्रवारी छोट्या मराठी सिनेमाला खेळ मिळतो तो सकाळी सव्वादहाचा, नाहीतर रात्री पावणेअकराचा. म्हणजे हे सिनेमे दूधवाल्यांसाठी आहेत की वॉचमनसाठी, असा प्रश्न पडतो. गर्दी झाली नाही तर सोमवारी तेही खेळ उडतात, आणि मग 'प्रेक्षकच येत नाहीत' हे वाक्य छापून येतं. तिकीटखिडकीवरचा मुलगा सौजन्याने बजावतो, "काका, हा मराठी आहे, आणि हळू आहे बरं का." आत सहा जण. मध्यंतर कुठे करायचं हे सिनेमाने ठरवलेलं नसतं, त्यामुळे एखाद्या वाक्याच्या मधोमध दिवे लागतात आणि मक्याच्या लाह्यांचा वास येतो. सहा जणांसाठी लाह्यांचं एवढं मोठं यंत्र कशाला चालू ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

तरी चित्र अगदीच निराश करणारं नाही. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला 2025 च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर शहरातला मुलगा सुतकाचे दिवस पाळायला गावी येतो. भाऊबंद त्याच्या लग्नाचा विषय काढून काढून थकतात, आणि त्याचं मन गावातल्याच एका जुन्या मित्रावर जडलेलं असतं. दोन पुरुषांची प्रेमकथा, तीही सुतकात, तीही नगर जिल्ह्याकडच्या बोलीत. कागदावर वाचलं तर यातला एकेक शब्द कुणा ना कुणा वितरकाला घाम फोडेल. पडद्यावर मात्र घरातल्या बायकांच्या कुजबुजीत आणि शेतातल्या उन्हात ती इतकी सहज चालत येते की दचकायला सवडच मिळत नाही. आमच्या घरी 'ह्यांच्या' सिनेमांपैकी हा पहिला, की जो सगळ्यांनी बसून पाहिला. शेवटी कुणी काही बोललं नाही, पण नेट गेलंय का असंही कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं इतकंच, की या सिनेमांना आदराने नमस्कार करून बाजूला ठेवू नका. आदर केला की माणसं बघायचं टाळतात. शुक्रवारी नाहीतर शनिवारी तिकीट काढा, बघा आणि मग हवं तेवढं भांडा. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. माझ्या सांगण्यावरून त्यांनी 'कोर्ट' पाहिला आणि सकाळीच खाली आले. दारातूनच म्हणाले, "काय हो, तुमच्या नादाने दोन तास फुकट गेले. काहीच घडत नाही. निकाल नाही, काही नाही." मी चहा ठेवला. ते बसले. "आणि तो जज्ज, त्याने त्या पोराच्या मुस्काटात का मारली? एवढं काय केलं होतं त्या पोराने? दचकला तर दचकला. आमच्या रीजनल ऑफिसात एक साहेब होता, अगदी हाच, हुबेहूब..." दुसरा चहा झाला. वकीलबाईंच्या डब्यापासून गटारकामगाराच्या बायकोच्या साक्षीपर्यंत एकेक दृश्य त्यांनी मला सांगितलं, कारण मी तो सिनेमा पाहिलाय हे ते विसरून गेले होते. जेवायची वेळ झाली तरी फुकट गेलेल्या त्या दोन तासांबद्दलची त्यांची तक्रार संपेना. शेवटी वरून वहिनींनी हाक मारली तेव्हा उठले, आणि जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, "अजून कुठला असला भिकार सिनेमा आहे का हो तुमच्याकडे?"